मुकादमाची बशी

मी बशी बोलतेय. हसू नका. बशीला तोंड नसतं हे मलाही कळतं; पण तोंड असलेल्यांची कितीतरी वर्षं मी अगदी जवळून पाहिली आहेत, तेव्हा चार शब्द बोलायला हरकत नसावी.

माझा जन्म साच्यातला. ओली माती दाबली, सुकवली, भट्टीत घातली आणि मी बाहेर आले ती खणखणीत होऊन. काठाभोवती निळ्या पानांची वेल काढली गेली. काढणाऱ्या बाईला मध्येच शिंक आली असावी, कारण एका जागी वेल चक्क उडी मारते. आम्ही सहा बहिणी आणि प्रत्येकीच्या अंगावर एकेक कप. लोक 'कपबशी' म्हणतात, 'बशीकप' कुणी म्हणत नाही. आमची पायरी त्यावरूनच ओळखा.

एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आत्याने आम्हाला भेट म्हणून दिलं आणि आम्ही या घरात आलो. खाली दुकान, वर संसार. नवरा जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचा. सगळा रस्ता त्याला मिस्त्री म्हणतो, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. त्याची बायको वर मशीनवर बसून त्याच खुर्च्यांचे अभ्रे शिवायची. तिला मी बाई म्हणते. मिस्त्री बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि त्याचं ते सगळं बोलणं बाई एका 'हं'मध्ये मिटवायची. पण संसार छान चालला होता.

लग्न ठरताना बाईने एकच अट घातली होती. घरात मांस येणार नाही. लहानपणी तिने हाताने दाणे घातलेली कोंबडी एका दुपारी तिच्याच ताटात आली होती. तेव्हापासून मांस नुसतं दिसलं तरी ती उठून जायची.

"एवढंच ना?" मिस्त्री म्हणाला होता. "मग नाही येणार."

आणि नाही आलं. मिस्त्रीला मांसाची भारी आवड. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या ट्रक चालवणाऱ्या मित्राकडे जेवायला जायचा आणि परत येताना जिन्याखालच्या नळावर खळखळून चूळ भरूनच वर यायचा. बाईला ते ऐकू यायचं. हे असं सगळं आयुष्य चाललं.

माझा कप मिस्त्रीच्या कोपराने फुटला. कपाविना बशी म्हणजे कुणाच्या कामाची? मला खाली दुकानात नेलं आणि माझ्यात सोफ्याला ठोकायच्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठेवायला लागले. अंगावर धूळ आणि रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र दर्प. माझ्या बहिणी वर काचेच्या कपाटात आणि मी इथे! मला वाटलं, संपलं आपलं.

मग एक दिवस मिस्त्रीने दुरुस्तीला आलेला सोफा फाडला, तर आतल्या काथ्यात मांजराचं पिल्लू. मुठीएवढं. त्याने सोफ्याच्या मालकाला फोन केला.

"सोफा माझा," मालक म्हणाला, "मांजर माझं नाही."

बाई दोरा घ्यायला खाली आली होती. तिने ते पिल्लू कापडाच्या तुकड्यात गुंडाळलं, माझ्यातल्या चुका टेबलावर ओतल्या आणि मला घासूनपुसून वर नेलं. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

पिल्लाचा बोका झाला. तो दुकानातल्या सगळ्यांत उंच खुर्चीवर बसायचा, स्वतः काडी हलवायचा नाही आणि मिस्त्रीचं काम डोळे बारीक करून बघायचा. "हा तर मुकादम!" मिस्त्री म्हणाला, आणि तेच नाव पडलं. "माझ्या रेक्झिनला नखं लाव, तुझंच कव्हर शिवतो," असं मिस्त्री रोज दरडावायचा. आणि मुकादम झोपला असेल ती खुर्ची सोडून दुसरी कामाला घ्यायचा.

मुकादमाचं जेवण म्हणजे पिशवीतल्या कोरड्या गोळ्या. त्या माझ्यावर पडल्या की टणटण वाजायचं आणि तो असेल तिथून धावत यायचा. कितीतरी वर्षं असं गेलं. मग तो खाल्लेलं ओकायला लागला. पोट बिघडलं ते सुधरेचना. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं, चकाकती काळी पाठ राखेसारखी झाली, आणि उंच खुर्चीवर चढणं त्याने सोडूनच दिलं. बाई त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. औषधं झाली, खाण्याच्या निरनिराळ्या गोळ्या झाल्या, डब्यातलं अन्न झालं. गुण येईना.

शेवटी एका संध्याकाळी बाई आणि मुकादम दवाखान्यातून परत आले, तेव्हा बाईने टोपली जमिनीवर ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" मिस्त्री हात पुसत वर आला.

"कच्चं मांस देऊन बघू म्हणाल्या. सगळ्यांना मानवतं असं नाही, पण याला मानवेल असं त्यांना वाटतंय. थोडी कलेजी, थोडं हृदय, वर त्यांनी दिलेली पूड. त्यांनी सांगितलं तसंच करायचं, मनाचं काही नाही."

मिस्त्री आधी हसला. मग बाईचा चेहरा बघून थांबला.

"आणाल?" बाईने विचारलं.

"घरात?"

"हं."

मिस्त्री स्टुलावर बसला.

"मला टायफॉइड झाला होता," तो म्हणाला, "उठलो तेव्हा अंगात ताकद नव्हती. डॉक्टरांनी मटणाचं पाणी प्यायला सांगितलं होतं. मित्र डब्यातून आणायचा. ते मी खाली, खिळ्यांच्या टेबलावर बसून प्यायचो. आठवतं?"

"आठवतं."

"मी काही म्हटलं नाही तेव्हा. आताही म्हणत नाही. पण नवऱ्यासाठी नाही आणि बोक्यासाठी लगेच, हे जरा लागतंच गं."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही खाली बसायचात ना, तेव्हा मी जिन्यात उभी असायची," ती म्हणाली. "वर या म्हणावं असं रोज वाटायचं. तोंडातून शब्दच फुटायचा नाही."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. मग त्याने पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन खाटकाकडे गेला.

मांस त्याने खालीच कापलं, वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर. बाई दुसऱ्या खोलीत दार लावून बसली. त्याने मला भरून मुकादमापुढे ठेवलं. इतक्या वर्षांच्या टणटणीनंतर माझ्यावर काहीतरी न वाजता पडलं होतं. मुकादमाने वास घेतला. मिस्त्रीकडे पाहिलं. मग पुढच्या पंजाने तो माझ्याभोवतीची फरशी खरवडायला लागला. आपली घाण झाकताना बोका असंच करतो, हे बोका पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

"अरे, घाण नाही ती! साहेब, ताजं आहे!" मिस्त्री ओरडला.

भूक लागली की खाईल, असं म्हणून त्याने मला तसंच ठेवायचं ठरवलं. पण बाई दार उघडून बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नाही. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर यकृतावर येतं. तेव्हा पुन्हा जुन्या गोळ्या आल्या आणि त्यात नखभर मांस मिसळायचं ठरलं. मुकादम वस्ताद! तो गोळ्या वेचून खायचा आणि मांसाचा कण न कण माझ्या काठाशी सारून ठेवायचा. पुढेपुढे तर मांस लागलेली गोळीही तो सोडायला लागला. अंग आणखीच उतरलं.

बाईने दवाखान्यात फोन लावला. मी सिंकपाशी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"फ्रिजमधलं गार देताय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मांजर नाकाने जेवतं. वाटी कोमट पाण्यात ठेवा, वास सुटू दे. आणि कापतं कोण?"

"हे कापतात."

"काम कसलं करतात?"

बाईने सांगितलं. पलीकडून हसू आलं. "मग त्याला सगळं सोल्युशनसारखंच लागत असणार. तुम्ही भरवून बघा. तुमच्या हाताची सवय आहे त्याला."

मिस्त्रीने स्वतःचे हात हुंगले. साबणाने घासले, परत हुंगले. वर्षानुवर्षांचा वास तो, एका धुण्याने कुठला जायला? "राहू दे," तो म्हणाला, "हातमोजे घालतो."

"नको," बाई म्हणाली. "मी करते."

तिने नाकाला रुमाल बांधला. मिस्त्रीचे हातमोजे चढवले आणि वाटी कोमट पाण्यात धरली. वास सुटला. जो वास ती जन्मभर टाळत आली होती, तो तिने आपल्या हाताने वाढवला. मध्येच ती मोरीकडे धावली. तोंड धुऊन परत आली. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला, तिला कुणी बघतंय असं वाटू नये म्हणून. इतक्या बडबड्या माणसाला एवढं शहाणपण कुठून सुचलं कोण जाणे.

बाई माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि तिने एक तुकडा पुढे धरला. मुकादमाने वास घेतला, तोंड फिरवलं. हातमोजेही दुकानातलेच होते! बाईला ते कळलं. तिने माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. खरं तर ती कुठेच बघत नव्हती. मग तिने हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी तुकडा उचलला. नाकावरचा रुमालही घसरला होता.

"मुकादमा," ती म्हणाली, "मी एवढं केलंय. आता तू कर."

त्याने नाक पुढे केलं. जीभ काढली. तिचं बोट चाटलं, पुन्हा चाटलं, आणि तुकडा गेला.

"खाल्ला!" बाई ओरडली.

मिस्त्री गर्रकन वळला. "बघू, बघू!" म्हणत तोही जमिनीवर बसला, गुडघे दुखतात हे विसरून. दुसरा तुकडा गेला. तिसरा मुकादमाने बाईच्या बोटातून न घेता माझ्यातून उचलला. त्याच्या खरबरीत जिभेचा तो पहिला फटका माझ्या अंगावर आला आणि मी जमिनीवर किंचित सरकले. मिस्त्रीने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एकदा कलेजी जरा जास्त पडली आणि पोट परत बिघडलं. एकदा तो पुन्हा रुसला. पण गोळ्या हळूहळू कमी झाल्या, मांस वाढत गेलं, दवाखान्यातल्या तपासण्या चालू राहिल्या. ओकणं थांबलं. पाठीवर चकाकी आली. आणि एका सकाळी मिस्त्री खालून एवढ्याने ओरडला की बाई हातातला अभ्रा टाकून धावली. मुकादम उंच खुर्चीवर बसला होता, डोळे बारीक करून.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्री मित्राकडे निघाला, तेव्हा बाई म्हणाली, "आज इथेच आणा. इथेच जेवा. मीही बसते."

मिस्त्रीने आणलं. बाईने खिडक्या उघडल्या आणि आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. त्याने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"काय झालं? चांगलं नाही?"

"चांगलं आहे गं. पण तू अशी समोर श्वास रोखून बसलीस तर घास उतरायचा कसा?"

बाईला हसू फुटलं. तिचं बघून त्याला. दोघं इतकी हसली की मुकादम उठून दुसऱ्या खोलीत गेला. पुढच्या सुट्टीला मिस्त्री आपला पुन्हा मित्राकडे गेला. तिथे म्हणे जेवताना मोठ्याने शिव्या देता येतात. पण आता चूळ मात्र तो वर येऊन, घरात भरतो, आणि आज काय काय खाल्लं ते बाईला रंगवून सांगतो. ती 'हं' म्हणते.

आता माझं सांगते. कच्च्या मांसाची बशी नुसती विसळून चालत नाही. बाई मला प्रत्येक वेळी साबणाने घासायची आणि वर उकळतं पाणी ओतायची. भट्टीतून आलेली असले तरी वय झालं होतं. माझ्या पोटातून एक बारीक केसासारखी रेघ निघाली आणि काठापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकताच सांगितलं, तडा गेलेल्या भांड्यात मांस अजिबात नको, जंतू राहतात. दुसऱ्या दिवशी स्टीलची ताटली आली. मुकादमाने ती हुंगली आणि निमूटपणे जेवला. मला थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? बरंच वाईट वाटलं.

मिस्त्री मला कचऱ्यात टाकायला निघाला होता. बाईने हात धरला. सध्या मी तिच्या शिवणाच्या मशीनवर असते, टाचण्या आणि बटणं सांभाळत. उन्हाच्या वेळी मुकादम मशीनवर चढतो आणि माझ्याशेजारी अंग पसरतो. त्याला मी आठवते की फक्त ऊन आवडतं, ते मी विचारत नाही.

तुमच्याकडे मांजर असेल आणि त्याचं जेवण बदलायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना विचारा, घाई करू नका, गार देऊ नका आणि बशी भिंतीला चिकटवून ठेवू नका, मिशा घासतात. तडा गेलेली बशी खुशाल बदला. फक्त बदललीत की जुनी बशी जरा उन्हात ठेवा.

बाई मशीनवर बसायला आली आहे. तिला पांढरं बटण हवंय. ते तळाशी आहे, माझ्या रेघेवर. तिचं बोट आत फिरतंय. आता मला बोलणं थांबवायला हवं.