दांडीवरची पट्टी

संघपाल काही मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मनीषनगरातल्या ज्या सोसायटीत तो माळीकाम करायचा, तिथं गवत कापायची मशीन आली, तेव्हा दुकानाच्या माणसानं त्याला नीट शिकवलं होतं: हँडलजवळची दांडी दाबून धरली तरच पातं फिरतं, सोडली की बंद. पण तासभर दाबून बोटं आखडायची. म्हणून यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडी हँडलला करकचून बांधून टाकली. सेक्रेटरी उन्मेषभाऊंनी पाहिलं आणि वर पाठ थोपटली. "वा गा संघपाल! एक नंबर जुगाड!"

एरवी मात्र उन्मेषभाऊ नियमाचे पक्के. मशीन सुरू करण्याआधी शिट्टी वाजवायची आणि सोसायटीची सगळी लेकरं वर पाठवायची. त्या रविवारीही शिट्टी वाजली, लेकरं कल्ला करत जिन्यानं पळाली अन् बाल्कन्यांत उभी राहिली. संघपालनं मोजली. अकराच्या अकरा.

मोनाली त्यात नव्हती. ती त्याची स्वतःची पोर, पाच वर्षांची. तिची आई सरिता वर लोकांची भांडी घासत होती, मग ही कोणाच्या बाल्कनीत जाणार, सांगा! त्यानं तिला उताराच्या खाली, कडुलिंबाच्या सावलीत बसवलं. "हलजो नको बेटा. मी बलावीन तवाच येजो."

ऊन चढलं. बाप घामानं निथळत होता. पोरीला राहवलं नाही, ती पाण्याची बाटली घेऊन उतार चढत धावली. "बाबा, पानी!"

त्याला शिकवलं होतं तेच त्यानं केलं. हँडल सोडलं, हात पसरले, "थांब!" म्हणून ओरडला. मशीन काही थांबली नाही. पातं फिरवत उतारावरून एकटीच खाली गेली.

पोरीच्या डाव्या पायाची पाचही बोटं गेली. दवाखान्यात उन्मेषभाऊ चार माणसांसमोर म्हणाले, "अरे, हँडल सोडलं असतं तर बंद झाली असती ना!"

"सोडलं होतं जी."

"मंग बंद काहून नाही झाली?" हे सरितानं विचारलं. उन्मेषभाऊ मोबाइलमध्ये पाहू लागले.

तेवढ्यात खाटेवरून मोनाली बारीक आवाजात बोलली, "आई, बाबाले रागवू नको वं. त्यायनं बलावलं नोतं, मीच गेली."

सरितानं नवऱ्याकडे पाहिलं. "खरं हाय का?"

"हो," संघपाल म्हणाला.