लूझाचे जंत

रागिब उस्तादांच्या चादरीवर तिसऱ्यांदा तांदळाचे दाणे दिसले. दाणे कसले, लूझा मांजरीच्या पोटातल्या जंतांचे तुकडे ते. एक तर अजून वळवळत होता.

बायको, नागिया, जाऊन दोन वर्षं झाली होती. अलेक्झांड्रियातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बोलणं ऐकून घेणारं लूझाशिवाय कुणी उरलं नव्हतं. दुबईतल्या लेकीनं मात्र फोनवर बजावलं होतं, "बाबा, मी ईदला येईपर्यंत जंत गेले नाहीत, तर मांजर देऊन टाकीन. सांगून ठेवते!"

"गोळी दिली?" जनावरांच्या डॉक्टर इरिनीबाईंनी विचारलं.

"दोनदा. बोचकारे खात."

"मग पिसवा. अंग चाटताना पिसू पोटात गेली की जंत परत हजर."

"माझ्या घरात पिसू? दर शुक्रवारी गाद्या उन्हात घालतो मी!"

"मग उस्ताद, ही बया दुसऱ्या कुणाच्या तरी अंथरुणात झोपते."

हे उस्तादांना भलतंच झोंबलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मांजरीवर पाळत ठेवायला गॅलरीत बसला.

दुपारच्या नमाजानंतर वरून दोरीला बांधलेली टोपली खाली रस्त्यावर आली, तिथं घरोघर सोडतात तशी. पाववाल्यानं तिच्यात दोन पाव टाकले. तिथंच घुटमळणारी लूझा ऐटीत पावांवर जाऊन बसली आणि टोपली उस्तादांच्या नाकासमोरून वर गेली. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

तणतणत ते चौथ्या मजल्यावर गेले. तिथं उम्म वग्दी एकटीच राहायची. नवरा गेल्यापासून गुडघ्यांपायी ती खाली उतरली नव्हती.

"मांजर चोरता माझं?"

"चोरते? तीच येते की! आत या, उंबऱ्यात काय भांडताय?"

लूझा एका जुन्या लोकरी शालीवर पसरली होती. शालीत पिसवा टणाटण उडत होत्या.

"ही शाल आजच्या आज उकळत्या पाण्यात घाला."

"ते नाही व्हायचं," उम्म वग्दी म्हणाली. "यांची आहे. अजून वास येतो यांचा."

नागियाचे कपडे उस्तादांनी ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच वाटून टाकले होते, लोक म्हणाले म्हणून. उशीचा अभ्रासुद्धा स्वतःच्या हातानं धुतला होता. तिचा एखादा रुमाल तरी ठेवायला हवा होता, असं त्यांना आता फार वाटलं.

"नका धुऊ," ते म्हणाले. "मांजरच ठेवून घ्या. लेक आली की घरात राहू देणार नाही तिला. पिसवांचं औषध मानेवर घालत जा. गोळी लोण्यात लपवून द्या, नाहीतर बोचकारते."

"अहो, पण तुम्ही?"

उस्ताद जिना उतरायला लागले होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "लूझा दिली एकदाची," ते म्हणाले.

"सुटलात बाबा!" ती म्हणाली. तिला घाई होती, तिनं लगेच फोन ठेवला.