अर्धी सोडलेली गणितं

मुलगी एकदा नापास झाली की बाप नशिबाला बोल लावतो, दुसऱ्यांदा झाली की पेपर तपासणाऱ्याला. अर्शिया तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा अमीनभाईंपाशी बोल लावायला कुणी उरलं नाही. मग त्यांची नजर हळूहळू मुलीवरच जाऊन बसली.

कसबा पेठेत अमीनभाईंचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत संसार. एके काळी रविवार पेठेतले निम्मे व्यापारी खतावण्या त्यांच्याकडून बांधून घेत. पण शहरात संगणक आले, पेढीपेढीवर जाऊन बसले, आणि खतावण्यांचं काम वर्षा-दोन वर्षांत आटलं. आता कॉलेजच्या पोरांचे प्रबंध आणि एखाद्या सोसायटीची रजिस्टरं, एवढंच यायचं. अमीनभाईंनी मात्र त्यातूनही अभिमान वाचवून ठेवला होता. वह्या बांधणाऱ्याची मुलगी उद्या वह्या तपासणार, सीए होणार, हे त्यांनी अख्ख्या कसब्याला सांगून ठेवलं होतं. कसब्यात एक गोष्ट सांगितली की ती दहा जण लक्षात ठेवतात आणि नेमकी नको तेव्हा विचारतात. ‘काय अमीनभाई, मॅडम झाल्या का सीए? नाही, आमची नातवंडं होईपर्यंत होतील ना, म्हणून विचारलं,’ असं समोरचा चष्मेवाला दर निकालाला विचारायचा.

पास झाल्याशिवाय निकाह नाही, ही अटही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी उजैरशी सोयरीक ठरली. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, पगार चांगला, स्वभावानं शांत. त्याच्या घरच्यांनी अट आनंदानं मान्य केली होती. आता मात्र कंपनी त्याला ऑगस्टात दोन वर्षांसाठी अमेरिकेला धाडणार होती. त्याच्या वडिलांनी निरोप पाठवला, मेची परीक्षा अर्शियाला सुखानं देऊ द्या, पण त्यानंतर थांबणं नाही. निकाल काहीही लागो, जुलैत निकाह.

हा निरोप ऐकून अर्शियाचा चेहरा उतरला, आणि अमीनभाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी तिन्ही गुणपत्रिका काढून दुकानाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. दर पेपरात निदान चाळीस हवेत. पहिल्या खेपेला एका पेपरात अडतीस, दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच पेपरात छत्तीस, तिसऱ्या खेपेला तिसऱ्याच पेपरात एकोणचाळीस. बाकीचे सगळे पेपर पंचावन्न-साठीच्या घरात. इतकं नेमकं घसरणं ढ मुलीला जमत नाही, ते हुशार मुलीलाच जमतं. अर्शिया तर चौथीपासून वर्गात पहिली. मग हा काय प्रकार? मुलीला उजैर नको असणार. तोंडानं नाही म्हणवत नाही, म्हणून पोरगी परीक्षेच्या आडून लग्न ढकलत असणार.

संशय एकदा पाट मांडून बसला की पोटभर जेवल्याशिवाय उठत नाही. तिसऱ्या निकालाच्या दिवशी अर्शिया रडली नव्हती, उलट मैत्रिणीबरोबर जाऊन भेळ खाऊन आली होती, ते त्यांना आठवलं. उजैरचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायची, तेही आठवलं. आधी या गोष्टी त्यांनी डोळ्यांआड केल्या होत्या. आता एकेक आठवण पुरावा होऊन पुढं यायला लागली.

त्यांनी बायकोला, अख्तरबानूला हे सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, मुलगी घरातच आहे. विचारा की सरळ.” पण सरळ विचारील तो संशयी कसला? अमीनभाईंनी विचारलं नाही, तपासलं. अर्शिया लक्ष्मी रोडवर एका सीएच्या ऑफिसात उमेदवारी करायची, तिकडे ती गेली असताना तिच्या सरावाच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी उघडला. हे कोरे कागद तेच कापून द्यायचे, म्हणून गठ्ठ्याची जाडी त्यांना हातानंच कळे. यंदा निम्मेसुद्धा वापरले गेले नव्हते. आणि जे वापरले होते, त्यांवर एकही गणित पुरं नव्हतं. आठ-दहा ओळी, आकड्यांचा एक रकाना, आणि सोडून दिलेलं. पुढच्या पानावर दुसरं गणित, तेही अर्ध्यावर सोडलेलं. पानामागून पान तसंच. मुलगी अभ्यासाचं सोंग करते आहे, याहून दुसरा अर्थ त्यांना दिसला नाही, कारण दुसरा अर्थ ते शोधतच नव्हते.

त्याच आठवड्यात अर्शियानं परीक्षेचा फॉर्म भरला, ऑफिसातल्या सरांची सही घेतली, पाकीट बंद केलं आणि सिटी पोस्टात रजिस्टर करायला वडिलांकडे दिलं. त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. मनाशी म्हणाले, आज ना उद्या ही पावती मागेल, तेव्हा हिला बोलतं करू. तिनं मागितली नाही. ऑफिसात दिवसभर प्रत्येक खर्चाची पावती मागणारी मुलगी बापाकडे मात्र पावती मागत नव्हती, आणि त्याचाही अर्थ त्यांनी वाकडाच लावला: हिला परीक्षा द्यायचीच नाही, मग पावती हवी कशाला! फॉर्मची मुदत संपली. दंड भरून पाठवायची मुदत होती, तीही एका शुक्रवारी संपली. त्या दिवशी त्यांचा हात दोनदा खणाकडे गेला आणि दोनदा मागं आला.

शनिवारी दुपारी अर्शिया दुकानात आली. अभ्यासाच्या रजेसाठी ऑफिसातल्या सरांनी रजिस्टरची पावती मागितली आहे, म्हणाली.

अमीनभाईंनी खळीचे हात पुसले, खण ओढला आणि पाकीट तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते उलटून पाहिलं. वर तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता. तिला आधी काही कळेच ना.

“मुद्दाम नापास होतेस ना?” त्यांनी विचारलं. आणि मग थांबलेच नाहीत. अडतीस, छत्तीस, एकोणचाळीस, भेळ, गच्ची, सगळं बाहेर काढलं, आणि शेवटी अर्ध्या गणितांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

अर्शियानं गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं. “ही अर्धी राहिलेली नाहीत, अब्बा. अर्धी सोडलेली आहेत. सोडायला शिकत होते मी.”

मग तिनं सांगितलं ते असं. क्लासच्या सरांनी तिला पुन्हा पेपर लिहायला लावून तिचं दुखणं शोधलं होतं. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की ही पुढं जातच नाही. सोळा मार्कांच्या गणितापायी तीन तासांतले दीड तास घालवते, आणि येत असलेले चार प्रश्न कोरे राहतात. दर खेपेला हेच झालं, फक्त पेपर वेगळा. सरांनी औषध दिलं होतं: घड्याळ लाव, वीस मिनिटं झाली की आकडा अर्धा असला तरी पेन उचल. तिला ते शिकायला दोन महिने लागले होते. आता कुठे हात थांबायला लागला होता.

“इतकं जुळवत बसायला तुला सांगितलं कुणी?” अमीनभाई म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्याबरोबर त्यांना उत्तर कळलं. नऊ वर्षांची होती, तेव्हा तिच्या हातून खतावणीचं एक पान मागंपुढं लागलं होतं. त्यांनी तिला समोर बसवून सगळी वही उसवायला लावली होती. एक पान चुकलं तर वही चुकली, असं त्या दिवशी त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“आणि उजैर?” त्यांनी चाचरत विचारलं.

“त्याच्याशीच लग्न करायचंय मला. पास होऊन करायचंय, म्हणून जिवाचं रान करत होते.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्हाला मुलगी लबाड निघालेली चालते, अब्बा. नापास झालेली चालत नाही.”

अमीनभाईंना शरम वाटली, अशी की मान वर करवेना. मुलगी खोटारडी आहे असं मानणं त्यांना सोपं गेलं होतं, कारण मग ती हुशार तरी उरत होती.

रविवारी उजैरचे आईवडील तारीख पक्की करायला आले. उजैर रविवार असूनही ऑफिसात अडकला होता. चहा होईपर्यंत अमीनभाईंना धीर धरवला नाही. परीक्षेचा फॉर्म मुलीनं वेळेत भरून दिला होता, मीच पाठवला नाही, मला तिचा संशय आला होता, असं त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि निकाह नोव्हेंबरच्या परीक्षेनंतर, उजैर सुट्टीवर येईल तेव्हा करू, म्हणून हात जोडले. अख्तरबानूनं पदर तोंडाशी धरला.

उजैरच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. मग ते अगदी मायेनं म्हणाले, “अमीनभाई, बाप पांघरूण घालणारच. पण कुठला बाप आपल्या मुलीचा फॉर्म अडवून ठेवील? मुलीच्या मनात नसेल, तर तसं सांगा. परीक्षेचं निमित्त कशाला?”

अमीनभाईंनी खणातलं पाकीट आणून दाखवलं. उजैरच्या वडिलांनी ते हातात घेतलं, न पाठवलेलं आहे एवढं पाहिलं आणि समजुतीनं मान हलवली. मुलीच्याच मनात नाही, याचा त्यांच्या लेखी तोच पुरावा झाला. अर्शिया दारातून म्हणाली, अब्बा खरं सांगतायत. त्यावर उजैरची आई फक्त हसली.

जाताना ते ‘कळवतो’ म्हणाले. पुण्यात सोयरिकीच्या बोलण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय, ते अमीनभाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

अर्शिया कप गोळा करायला लागली. ती रडत नव्हती, आणि या खेपेला त्यांनी त्याचा काहीही अर्थ लावला नाही. आज संध्याकाळी उजैरशी मीच बोलेन, ती म्हणाली, आणि नोव्हेंबरचा फॉर्म मी स्वतः पोस्टात टाकेन.

“मी शपथेवर सांगत होतो,” अमीनभाई म्हणाले. “अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.”

“हो,” अर्शिया म्हणाली. “काल दुपारी मला असंच वाटलं होतं.”