ऑर्फियसचा फवारा

दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या सोसायटीतल्या दिवाळी पहाटेला अत्तर लावायचं काम माझ्याकडे होतं. अत्तर घरीच राहिलं, म्हणून मुलाने दिलेला, खिशात असलेला ‘ऑर्फियस’ नावाचा परफ्यूम फवारत सुटलो, वर कथाही फुकट.

“ग्रीक गवई. मेलेली बायको परत आणत होता. अट एकच, मागे वळून पाहायचं नाही. पठ्ठ्याने पाहिलं, बायको गेली. आपल्या सावित्रीला जमलं, पुरुषाचं काम नव्हे ते.”

सगळे हसले. समोर सूर्यकांतरावांचं मनगट होतं. त्यांच्या पत्नी अलकनंदावहिनी श्रावणातच गेल्या, हे मला वाक्य संपल्यावर आठवलं.

“मी वळून पाहिलं नाही,” ते म्हणाले. “तिच्या स्ट्रेचरपुढे धावत होतो, लिफ्ट थांबवायला.”

मी बाटली खाली घेतली.

“लावा ना, लोक खोळंबलेत.”

मान खाली घालून मी एक फवारा मारला. पुढच्याला कथा सांगितली नाही.