पाचवं वाक्य

बुधवारी मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाई सातवीच्या वह्या घेऊन बसल्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात लाल पेन. वेळ सांगताना ‘ॲट’, वाराला ‘ऑन’, महिन्याला ‘इन’, हे त्यांनी तीन आठवडे घोकून घेतलं होतं. आता मुलांनी आपापल्या मनाची पाच वाक्यं लिहून आणली होती. बेचाळीस वह्या आणि जेमतेम वीस मिनिटं.

मुंगीची वही आली. अक्षर फार बारीक, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. तेरा वर्षांची, गवंड्याची मुलगी. चार वाक्यं बिनचूक. पाचवं होतं, ‘माय मॅरेज इज इन फ्रायडे.’ बाईंनी ‘इन’वर काट मारली, वर ‘ऑन’ लिहिलं, पाचापैकी चार गुण दिले आणि पुढची वही ओढली.

सोमवारी मुंगी आली नाही.

“बरं नाही का तिला?” बाईंनी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं.

“नाही बाई. शुक्रवारी लग्न झालं तिचं.”

बाईंना वहीतलं पाचवं वाक्य आठवलं. शाळा सुटताच त्या तडक मुंगीच्या घरी गेल्या. आई भांडी घासत होती. पदराला हात पुसत तिने बाईंना बसायला खुर्ची दिली.

“अहो, एवढ्याशा पोरीचं लग्न लावलंत?”

“काय करू बाई? आम्ही दोघं दिवसभर कामावर. वयात आलेली पोर घरात एकटी. उद्या काही बरंवाईट झालं, तर लोक आम्हालाच नावं ठेवणार. तीस वर्षांचा, कमावता मुलगा सांगून आला. उरकून टाकलं.” तिने घासलेलं पातेलं पालथं घातलं. “रडलीसुद्धा नाही हो. ‘बाईंनी वाचलंय, लाल पेनाने खूण केलीय, त्या येतीलच,’ असं म्हणत उंबऱ्यावर बसून होती. शेवटी हाताला धरून उठवावं लागलं.”

बाईंना तिथे बसवेना. त्या उठल्या आणि पोलीस चौकीत गेल्या.

“लग्न तर होऊन गेलं,” हवालदार म्हणाला. “आता दोन घरांची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणता?”

“ती तेरा वर्षांची आहे. तक्रार लिहून घ्या.”

त्याने नाइलाजाने कागद पुढे ओढला. “तुम्हाला केव्हा समजलं?”

सोमवारी म्हटलं असतं, तर कोणी पुढे काही विचारलं नसतं.

“बुधवारी,” बाई म्हणाल्या. “लग्नाच्या दोन दिवस आधी. तसंच लिहा.”