कडजुळणी

पदक मिळालं की आपल्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब व्हेल्को स्तामातोव्हने पुरता मांडून ठेवला होता. काशाचं पदक तर होतंच. शिवाय स्मोल्यानच्या भूविज्ञान मंडळाच्या जिन्यावर फोटो, तोही वळणावर, जिथे दम लागून माणसं थांबतात आणि नाइलाजाने वर बघतात. रोदोपी डोंगररांगेच्या नव्या एकत्रित नकाशाखाली ठळक नाव. दर ऑगस्टात संत इव्हानच्या दिवशी खाणवाले आणि दगडवाले जमून हे पदक एकाला देत; उरलेले टाळ्या वाजवत आणि मनातल्या मनात आपला नंबर लावत. टाळ्या वाजवण्यात व्हेल्कोची उमर गेली होती.

अडचण एकच होती. मंडळाची अध्यक्ष नेव्हेना, एकेकाळची त्याचीच विद्यार्थिनी, हसत म्हणाली, "सर, तुमची कड जुळत नाही."

अख्खा मुलूख चौकोनी पानांत वाटून एकेका पानाचा नकाशा एकेकाने केलेला. शेजारच्या पानांच्या कडेवर संगमरवराचा पट्टा एकमेकांना भेटायला हवा. व्हेल्कोचा पट्टा मात्र शेजारचं पान करणाऱ्या मिंचोच्या पट्ट्यापेक्षा चांगला अर्धा किलोमीटर खाली, कडेवर लोंबकळत होता. अशा वेळी दोघांनी कडेवरून एकत्र चालायचं, एक रेघ ठरवायची, दोघांनी सह्या करायच्या, अशी पद्धत. त्यातला एक मेला तर त्याची रेघ कायम आणि जिवंत असलेल्याने आपली वळवून घ्यायची. मेलेल्याशी वाद कोण घालणार?

आणि मिंचोचं आता काही खरं नाही, असं कानावर आलं होतं. व्हेल्कोने घाईने बस पकडली.

चाळीसेक वर्षं दोघं बोलत नव्हते. भांडण याच रेघेवरून झालेलं. "हा डोंगरावर चढलाच नाही," मिंचो चारचौघांत म्हणाला होता, "समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीतून रेघ ओढलीय." वरिष्ठ म्हणाले, मिटवा. मिंचो मिटवेना. तेव्हा त्याची बदली शिशाच्या खाणीत झाली, ती थेट निवृत्त होईपर्यंत.

दार मिंचोच्या बायकोने, दाफिनाने उघडलं.

"अगबाई, भावजी! सापडलं का घर?"

"सहज आलो, वहिनी."

"सहज? तुम्ही आमच्या लग्नातसुद्धा सहज आला नव्हता. बरोबर जेवणाच्या वेळेला आला होता." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला माणसं ओळखू येत नाहीत हो आता. पोटच्या पोरीला टपालवाली म्हणतो. तुम्हाला ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नका."

तोवर आतून हाक आलीच. "व्हेल्को! लेका, किती उशीर! ऊन चढलं की!"

मिंचोने खांद्याला पिशवी लावली होती, हातात हातोडी. व्हेल्कोच्या पांढऱ्या केसांचं त्याला काहीच वाटलं नाही.

दोघं कडेवरचा तो डोंगर चढले. उतारावर पांढरेशुभ्र दगड पसरले होते. व्हेल्कोने तरुणपणी दुर्बिणीतून पाहिले होते ते हेच. पाय ठेवला की सरकत होते. मिंचो तिथे थांबलाच नाही. काटेरी झुडपांतून तो वर वर गेला आणि एका उघड्या खडकावर त्याने हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. संगमरवराचा मूळ पट्टा हा. खालचे ते नुसते घरंगळलेले तुकडे. व्हेल्कोला कुणी सांगावं लागलं नाही.

मिंचो खडकावर टेकला. "रुझाचे दिवस भरले ना रे?"

रुझाला, व्हेल्कोच्या बायकोला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

"भरलेत," व्हेल्को म्हणाला.

"मग तू कुठे पुन्हा पुन्हा चढत बसतोस, वेड्या! घरी जा. तुझी खालचीच रेघ धरू. डोंगर काही तक्रार करत नाही." मिंचोने हातोडी पिशवीत घातली. "आणि काल मी सगळ्यांसमोर नको ते बोललो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. राग धरू नकोस."

पेन्सिल व्हेल्कोच्या हातात होती. खडक त्याच्या मांडीला टेकलेला होता, उन्हाने तापलेला. त्याने रेघ खालून ओढली. मिंचोने विश्वासाने, न वाचता सही केली. अक्षर अजून वळणदार होतं.

"उद्या उत्तरेचं पान सुरू करायचं?"

"करू."

परतल्यावर दाफिनाने विचारलं, "कुणाची रेघ धरली?"

"एकमत झालं, वहिनी."

"एकमत? दह्यात मीठ घालू की साखर, एवढं त्याला ठरवता येत नाही." ती बघत राहिली. थांबून चार घास खाऊन जा, असं काही म्हणाली नाही.

ऑगस्टात सभागृह भरलं. आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, त्यात मिंचोचं आलं. व्हेल्को इतरांबरोबर उभा राहिला. मग त्याचं नाव पुकारलं. टाळ्या पुष्कळ झाल्या. भिंतीवर नकाशा उलगडला, त्यात पट्टा एका पानातून दुसऱ्या पानात कसा सरळ, बिनबोभाट गेला होता.

दाराशी दाफिना उभी होती, काळ्या कपड्यांत.

"अभिनंदन, भावजी."

"वहिनी, मला कळवायचं तरी…"

"काय कळवायचं? रोज सकाळी फाटकाशी बसायचा, पिशवी नि हातोडी घेऊन. म्हणे उत्तरेचं पान आहे, व्हेल्को येतोय. जूनमध्ये पाऊस लागला, तरी उठेना. मी म्हटलं, नाही यायचा तो. तर माझ्यावरच चिडला. व्हेल्कोची बायको अवघडलीय, म्हणाला, थोडा उशीर होणारच माणसाला. त्या पावसाने छाती धरली ती सुटलीच नाही."

ती जिना उतरून गेली.

जमेला होतं ते सगळं व्हेल्कोच्या नावावर. फोटो, नाव, पदक, आणि पुढे कुणी वाद घालणार नाही अशी रेघ. खर्ची पडला तो मिंचो. तरुणपणी हातचं नकाशाचं काम गेलं, म्हातारपणी रेघ गेली, मग फाटकाशी बसून उरलेला जीव. आणि माफी मागायची होती व्हेल्कोने, तीसुद्धा मिंचोनेच मागून टाकली.