पॅकरची चिठ्ठी

खोटं लिहायला मला जमत नाही, हा माझा जुना रोग आहे. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीला नुसतं "खेळणं आहे" म्हणालो असतो, तर पार्सल कधीच गेलं असतं. पण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं पॅकिंग केलेला माणूस मी. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहूनच नेलं होतं: लाकडी दिवा, एक. लिथियम बॅटरी, एक. आगीचा धोका.

"अहो काका, हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. लिहिता येतं म्हणून लिहिलं."

तिने खोकं परत सरकवलं आणि वर नियमांचा एक छापील कागद ठेवला.

दिवा मी स्वतः केला होता, माझ्या नातीसाठी. ईरा डॅलसला असते. पुढच्याच महिन्यात ती पाच वर्षांची होणार होती आणि अजून मी तिला फोनच्या काचेतूनच पाहिलंय. तिची आई नीरजा, म्हणजे माझी मुलगी, तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमची ही गेल्यापासून ती दर रविवारी सकाळी न चुकता फोन करते. दहा-अकरा मिनिटं. मग उरलेला रविवार मला खायला उठतो.

घरी येऊन चष्मा लावून कागद वाचला आणि खरं सांगतो, मी खुर्चीतून उठलोच. सुटी बॅटरी पार्सलने पाठवता येणार नाही. मोठ्या बॅगेतही चालणार नाही. प्रवाशाने ती स्वतःजवळच्या सामानातून न्यावी. म्हणजे कुणीतरी सोबत जायलाच हवं! इतक्या वर्षांत "मी येऊ का?" असं विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही. आता सरकारी नियमच माझ्यासाठी बोलत होता. पासपोर्ट तर दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय, कोरा करकरीत. कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी नीरजाला सगळा कागद वाचून दाखवला. "म्हणजे बघ, कुणीतरी घेऊनच यायला हवं," म्हणालो.

"अय्या, मग सोपंय की बाबा! वरच्या मजल्यावरचा श्रीनिवास मंगळवारी येतोय ना इकडे, ऑफिसच्या कामाला. त्याच्याकडे द्या."

श्रीनिवास चांगला मुलगा आहे. त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना.

सोमवारी पॅकिंगला बसलो. कारखान्यात रीत होती, प्रत्येक खोक्यात पॅकरच्या नावाची चिठ्ठी जायची. माल बिघडला की चिठ्ठी बघून त्या माणसाला बोलावणं यायचं. मला एकतीस वर्षांत एकदाही आलं नाही. निरोप समारंभात साहेबांनी हेच सांगितलं, तेव्हा हिने पदराने डोळे पुसले होते.

चिठ्ठीवर नाव लिहिलं, दिगंबर, आणि खाली फोन नंबर. मग दिव्यातल्या एका तारेच्या जोडावरचा सोल्डरचा डाग मुद्दाम कच्चा ठेवला. आठ दिवसांत दिवा बंद पडेल. नीरजा विचारेल, "बाबा, हे कसं दुरुस्त करायचं?" मी म्हणेन, "असं फोनवर नाही गं सांगता येत. बघावं लागेल."

खोकं बंद केलं. चहा केला, तो प्यायलो नाही. परत खोकं उघडलं. अंधारात दिवा विझला तर पोर घाबरेल, रडेल. शरम वाटली मला. तारेला पक्का डाग दिला, दोनदा ओढून बघितली. बॅटरी वेगळी काढून तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली.

"काका, तुम्हीच का नाही जात?" खोकं घेताना श्रीनिवासने विचारलं.

"मी नियमात बसत नाही," म्हणालो. तो हसला. मीही हसलो.

याला आता सात महिने झाले. दर रविवारी मी विचारतो, दिवा कसा चाललाय. "एकदम मस्त बाबा, काही म्हणजे काही झालं नाही त्याला," नीरजा सांगते.

अजून मला बोलावणं आलेलं नाही.